जुनापाणी, बावीस डिसेंबर

काटोल नाका ओलांडला तेव्हा पाच चाळीस.
हँडलवर बोटं लाकडासारखी,
हेल्मेटच्या काचेवर माझाच श्वास.
बाबा सोनेगावच्या वेधशाळेत नोकरीला होते.
आजच्या तारखेला त्यांच्या वहीत दरवर्षी एकच ओळ:
किमान इतकं. आजपासून परत.
काय परत, ते कधी लिहिलं नाही.

शिळावर्तुळं दवात. कुणाची थडगी, किती जुनी,
ते निळ्या पाटीवर लिहिलंय, पण पाटी गंजलेली.
काळ्या दगडांवर खळगे, बोट मावेल एवढे, ओळीने.
कोणी म्हणतं, सूर्याच्या वाटेशी त्यांचा मेळ आहे.
कोणी म्हणतं, दगड आहे, वाट्टेल ते म्हणा.
मी एकात बोट घातलं. ओलं निघालं.

चौकीदार चैतराम कुमरे शेकोटीत पऱ्हाट्या सारत होता.
"काहून आल्या जी मॅडम एवढ्या थंडीत?"
सूर्य बघायला, म्हटलं.
तो खोकत हसला. "नागपुरात? अन् सूर्य?"

खरंच की.
मार्चपासून तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा,
कूलरच्या खसाला दिवसभर पाणी,
मे महिन्यात सूर्य म्हणजे घरमालक,
भाडं थकलेल्याच्या दाराशी उभा.
या गावात कोण कशाला रडेल
त्याने परत यावं म्हणून?

बर्फाच्या देशांत ठीक होतं.
तिथे दिवस खरोखरच संपत आलेला,
चाऱ्याअभावी गुरं कापून खारवलेली,
हिरवी उरलेली एकच फांदी दारावर,
आणि चुलीत मोठा ओंडका, रात्रीला पुरून उरणारा.
तो पेटवायचा गेल्या वर्षीच्या जळक्या तुकड्याने,
वर्षभर कुठल्या फळीवर जपलेल्या.

आपली संक्रांत
कधीकाळी याच रात्रीला चिकटून होती म्हणे.
मग ऋतू सरकत गेले,
पंचांग ताऱ्यांना धरून बसलं.
सूर्य वळून तीन आठवडे होतात
तेव्हा आपण गोड बोलायला जातो,
पाहुणा जेवून झोपल्यावर
पाणी विचारावं तसं.

यातलं मी त्याला काहीच सांगितलं नाही.
त्यानेच काठीने उजवीकडे दाखवलं.
"ते बाभय दिसते का?
दिवाळीले हा तिकडं, टॉवरपाशी निघे.
मंग रोज थोडा थोडा सरकला.
आता आठ दिवस झाले, बाभयीपाशीच निघून राह्यला.
पुढं नाही जात.
मले पह्यल्या वर्षी भेव वाटलं. गेलाच तर?"
मग?
"मंग काय. फिरला."

एवढंच असेल सगळ्याचं मूळ.
देव नंतर आला असेल, गाणं त्याहून नंतर.
आधी रात्रपाळीचा कुणीतरी,
गुरं राखणारा किंवा नुसताच झोप न येणारा,
रोज एकाच दगडावर बसून
एकाच झाडाकडे बघणारा.
चार दिवस त्याने कुणाला सांगितलं नाही,
खात्री नव्हती.
पुढे कधीतरी झाडाच्या अलीकडे
बोटभर उजेड दिसला
आणि तो वस्तीकडे पळत सुटला.
ओंडके, दिवे, तीळ, ढोल,
सगळं त्या पळण्यामागून आलेलं सामान.

सहा अठ्ठेचाळीस.
पूर्वेला ढग, गोधडी ओढून पडलेले.
काळ्याचं राखाडी झालं, राखाडीचं पांढुरकं.
सूर्य काही दिसला नाही.
"उद्या या," चैतराम म्हणाला,
उद्याही इथूनच निघेल, या हिशेबाने.

डिकीत दोन संत्री होती, अंबिया बहराची, आंबट.
सालं त्याने विस्तवावर पिळली,
तेल तडतडलं, क्षणभर एक पिवळी जीभ उठली.
आम्ही दोघं तिकडे बघत राहिलो
आणि मग बिया थुंकल्या.

बाबांच्या थर्मामीटरवर अकरा.
वहीत लिहिलं:
ढगाळ. बाभूळ जागेवर आहे.